अमेरिकेच्या मध्य भागातील रात्रकालीन गडगडाटी वादळांचे पूर्वानुमान

रात्रकालीन गडगडाटी वादळांचे पूर्वानुमान ही हवामानशास्त्राची एक उपयोजित शाखा होय. सूर्यास्तानंतर निर्माण होणाऱ्या किंवा रात्रीही टिकून राहणाऱ्या तीव्र गडगडाटी वादळांचा व त्यांच्यासोबत येणाऱ्या विध्वंसक वाऱ्यांचा अंदाज तीत वर्तवला जातो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ग्रेट प्लेन्स हा मैदानी प्रदेश व त्याच्या पूर्वेचा मिडवेस्ट हा भाग अशा वादळांसाठी विशेष प्रसिद्ध आहे. या विषयाचा सर्वाधिक सखोल अभ्यासही तेथेच झाला आहे.

दिवसा होणाऱ्या वादळांपेक्षा रात्रीच्या वादळांचा अंदाज वर्तवणे अधिक कठीण मानले जाते. सूर्याची उष्णता हे वादळाचे सर्वपरिचित कारण रात्री उपलब्ध नसते. जमिनीलगतची हवा थंड व स्थिर झालेली असते आणि वादळाला लागणारी उष्ण व दमट हवा त्या थंड थराच्या वरून वाहत असते. त्यामुळे वादळ होईल का, या प्रश्नासोबतच वादळातील वारा थंड थर भेदून जमिनीपर्यंत पोहोचेल का, हा प्रश्न पूर्वानुमानात निर्णायक ठरतो. अंदाज अचूक ठरला तरी तो झोपेत असलेल्या लोकांपर्यंत वेळेत पोहोचवणे ही स्वतंत्र समस्या असते.

व्याख्या व निकष

अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या निकषांनुसार पुढीलपैकी किमान एक बाब घडल्यास गडगडाटी वादळाला 'तीव्र' म्हटले जाते :

१. वाऱ्याच्या झोताचा वेग ५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ९३ किलोमीटर किंवा त्याहून अधिक असणे.
२. किमान १ इंच, म्हणजे सुमारे २.५ सेंटिमीटर व्यासाच्या गारा पडणे.
३. चक्रवात, म्हणजे टोर्नेडो निर्माण होणे.

झोताचा वेग ६५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १२० किलोमीटरपर्यंत पोहोचल्यास ती घटना 'लक्षणीय तीव्र' या वर्गात गणली जाते. मेघगर्जना, विजा किंवा मुसळधार पाऊस यांचा या निकषांत समावेश नाही. त्यामुळे रात्रभर विजांचा कडकडाट झाला, तरी वारा व गारा मर्यादेत असतील तर ते वादळ तांत्रिक दृष्ट्या तीव्र ठरत नाही.

सरळ रेषेत वाहणारे विध्वंसक वारे आणि टोर्नेडो यांत फरक केला जातो. टोर्नेडोत हवा गोल फिरते. सरळ रेषेतील वाऱ्यात वादळातून खाली आदळलेली हवा एका दिशेने पुढे पसरते. रात्रकालीन संघटित वादळांत मोठ्या क्षेत्रावर होणारे नुकसान मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या वाऱ्यांमुळे होते.

प्रदेश

ग्रेट प्लेन्सचे मैदान पश्चिमेकडील रॉकी पर्वताच्या पायथ्यापासून पूर्वेकडे हळूहळू उतरत जाते. टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का, साउथ डकोटा व नॉर्थ डकोटा या राज्यांचा मोठा भाग त्यात येतो. दक्षिणेस मेक्सिकोचे आखात आहे. आखात व मैदान यांच्यामध्ये पूर्व-पश्चिम पर्वतरांग नसल्याने आखातावरील उष्ण व दमट हवा उत्तरेकडे शेकडो किलोमीटर अडथळ्याविना जाऊ शकते. पश्चिमेच्या उंच व कोरड्या पठारांवरून येणारी हवा या दमट हवेच्या वर पसरते आणि वातावरणात अस्थिरता साठते.

या प्रदेशात उन्हाळ्यातील पावसाचा जोर दुपारी नसून रात्री असतो, हे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या नोंदींतही आढळून आले होते. एप्रिल ते सप्टेंबर या काळातील पावसापैकी सुमारे ३० ते ७० टक्के पाऊस संघटित वादळसमूहांतून पडतो, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. मका, सोयाबीन यांसारख्या पिकांना हाच पाऊस आधार देतो. म्हणजेच ज्या वादळांपासून संरक्षण हवे असते, त्यांच्याच पावसावर या प्रदेशातील शेती मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे.

रात्री वादळे होण्याची कारणे

महाराष्ट्रातील वळवाच्या पावसाचे उदाहरण घेतल्यास हा फरक स्पष्ट होतो. एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर जमीन तापते, दुपारनंतर उष्ण हवा वेगाने वर चढते, ढग उभे राहतात आणि सायंकाळी मेघगर्जनेसह पाऊस पडतो. सूर्य मावळल्यावर जमीन निवते व वादळाचा जोर सामान्यतः ओसरतो. ग्रेट प्लेन्समध्ये मात्र अनेक वादळे याच वेळी जोर धरतात. त्यामागे पुढील प्रमुख कारणे आहेत.

निम्नस्तरीय जेट प्रवाह

दिवसा तापलेल्या जमिनीमुळे हवेच्या खालच्या थरात सतत घुसळण होत असते. या घुसळणीमुळे जमिनीशी होणाऱ्या घर्षणाचा परिणाम सुमारे एक-दोन किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचतो आणि वारा मंदावतो. सूर्यास्तानंतर घुसळण थांबते. जमिनीलगत थंड हवेचा थर तयार होतो आणि त्याच्या वरचा वारा घर्षणापासून जणू सुटा होतो. मग तो वेग घेतो आणि पृथ्वीच्या परिवलनाच्या प्रभावाने उत्तर गोलार्धात हळूहळू उजवीकडे वळतो. मध्यरात्रीनंतर जमिनीपासून काहीशे मीटर उंचीवर त्याचा वेग सर्वाधिक होतो. या वेळी जमिनीवर वारा जवळजवळ शांत असला, तरी वर ताशी ५० ते ९० किलोमीटर वेगाने दक्षिणेकडून हवा वाहत असते.

अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ आल्फ्रेड ब्लॅकॅडार यांनी १९५७ मध्ये या प्रवाहाचे स्पष्टीकरण दिले. घर्षणातून सुटलेला वारा एका ठराविक आवर्तनात फिरतो, हे त्यांच्या मांडणीचे सूत्र होते. कॅन्ससच्या अक्षांशावर हे आवर्तन सुमारे २० तासांचे असते. त्यामुळे सायंकाळी सुटा झालेला वारा रात्रीच्या उत्तरार्धात कमाल वेग गाठतो. जेम्स होल्टन यांनी १९६७ मध्ये मैदानाच्या उताराचा परिणाम विचारात घेतला. उताराची जमीन दिवसा तापणे व रात्री निवणे यांमुळेही प्रवाहाला बळ मिळते, असे त्यांनी दाखवले. आज ही दोन्ही कारणे परस्परपूरक मानली जातात.

हा जेट प्रवाह दोन कामे करतो. तो आखातावरील दमट हवा वेगाने उत्तरेकडे आणतो. तसेच त्याच्या पुढच्या टोकाशी वेग मंदावल्यामुळे हवा एकवटते आणि तिला वर चढण्यावाचून मार्ग उरत नाही. उत्तरेस थंड हवेची सीमा असल्यास उष्ण हवा तिच्यावरून उतारावर चढावी तशी वर सरकते. मध्यरात्रीनंतर अचानक उभी राहणारी अनेक वादळे अशाच ठिकाणी आढळतात.

पर्वताकडून येणारी वादळे

दुपारी रॉकी पर्वताच्या उतारांवर निर्माण झालेली वादळे वरच्या वाऱ्यांबरोबर पूर्वेकडे सरकतात. ती मैदानाच्या मध्यभागी पोहोचेपर्यंत रात्र झालेली असते. तेथे त्यांना जेट प्रवाहाने आणलेली दमट हवा मिळते आणि सुटी वादळे एकत्र येऊन मोठा समूह तयार होतो. या समूहास 'मेसोस्केल कन्व्हेक्टिव्ह सिस्टिम' असे म्हणतात. त्याची लांबी शंभर किलोमीटर किंवा त्याहून अधिक असते व तो अनेक तास टिकू शकतो. अशा समूहांपैकी जवळजवळ वर्तुळाकार, विस्तीर्ण व दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रकाराचे उपग्रहचित्रांवरून वर्णन रॉबर्ट मॅडॉक्स यांनी १९८० मध्ये केले.

उंचावर उगम पावणारी वादळे

दिवसाचे वादळ जमिनीलगतची हवा शोषून घेते. रात्री ही हवा थंड व जड असल्याने सहज वर उचलली जात नाही. त्याऐवजी थंड थराच्या वरची उष्ण व दमट हवा वादळात ओढली जाते. अशा वादळांचा उगम जमिनीवर नसून काहीशे मीटर ते एक-दोन किलोमीटर उंचीवर असतो. म्हणूनच जमिनीवरील तापमान, आर्द्रता व वारा यांच्या नोंदींवरून त्यांचा अंदाज बांधल्यास दिशाभूल होण्याची शक्यता असते.

विध्वंसक वाऱ्यांची निर्मिती

वादळातील पाऊस कोरड्या हवेतून पडू लागला की त्याच्या काही भागाचे बाष्पीभवन होते. बाष्पीभवनामुळे हवा थंड व जड होऊन वेगाने खाली कोसळते. गारा वितळल्याने व पावसाच्या भारामुळे हा वेग वाढतो. ही हवा जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. अशा झोतांचा व त्यांनी केलेल्या हानीचा पद्धतशीर अभ्यास शिकागो विद्यापीठातील टेत्सुया फुजिता यांनी १९७० च्या दशकात केला.

अनेक वादळे एकत्र आल्यास त्यांच्या खाली थंड हवेचा विस्तीर्ण साठा तयार होतो. तो पुढे सरकताना समोरची उष्ण हवा उचलतो आणि नवी वादळे निर्माण करतो. उंचीनुसार वाऱ्यात होणारा बदल पुरेसा असल्यास थंड हवेचा रेटा आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याचा परिणाम यांत तोल साधला जातो. मग वादळांची रांग तासन्‌तास टिकते. या तोलाचा सिद्धान्त रिचर्ड रोटुन्नो, जोसेफ क्लेम्प व मॉरिस वाइसमन यांनी १९८८ मध्ये मांडला.

परिपक्व रांगेच्या मागच्या बाजूने एक वेगवान प्रवाह आत शिरतो व पुढे उतरतो. त्याच्या रेट्यामुळे रांगेचा मधला भाग पुढे फुगतो आणि रडारच्या चित्रावर ती धनुष्यासारखी दिसते. धनुष्याच्या सर्वांत पुढे आलेल्या भागाजवळ सामान्यतः सर्वाधिक वेगाचे वारे आढळतात. म्हणून रडारवर हा आकार दिसू लागणे ही पूर्वानुमानकारांसाठी धोक्याची महत्त्वाची खूण असते.

डेरेचो

अशा वादळांच्या एका किंवा अनेक रांगांमुळे शेकडो किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात विध्वंसक वारे वाहिल्यास त्या घटनेला 'डेरेचो' म्हणतात. 'सरळ' या अर्थाचा हा स्पॅनिश शब्द आहे. आयोवा येथील शास्त्रज्ञ गुस्टाव्हस हिन्रिक्स यांनी १८८८ मध्ये तो टोर्नेडोपासून वेगळेपण दाखवण्यासाठी वापरला. पुढे सुमारे शंभर वर्षे हा शब्द विस्मृतीत गेला होता. १९८७ मध्ये रॉबर्ट जॉन्स व विल्यम हर्ट यांनी त्यासाठी निकष सुचवले आणि तो पुन्हा रूढ झाला. त्या निकषांनुसार नुकसानीच्या पट्ट्याची लांबी किमान ४०० किलोमीटर असावी लागते. २०१६ मध्ये काही संशोधकांनी ही मर्यादा सुमारे ६५० किलोमीटरपर्यंत वाढवण्याचा प्रस्ताव मांडला.

अनेक डेरेचो दुपारी किंवा सायंकाळी सुरू होऊन रात्रभर चालतात. ४ जुलै १९९९ रोजी सुरू झालेल्या डेरेचोने मिनेसोटातील बाउंडरी वॉटर्स या वनप्रदेशात प्रचंड वृक्षहानी केली. नंतर तो रात्रीतून कॅनडा ओलांडत ५ जुलै रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात पोहोचला. त्याने सुमारे २,१०० किलोमीटरचे अंतर कापले.

जमिनीलगतच्या स्थिर थराचा प्रश्न

रात्रीच्या वादळाच्या पूर्वानुमानातील मुख्य पेच या थराशी निगडित आहे. वादळातून खाली येणारी हवा भोवतालच्या हवेपेक्षा जड असेल तोपर्यंतच वेगाने खाली येते. जमिनीलगतची हवा आधीच तितकी थंड असल्यास खाली येणाऱ्या हवेचा जोर त्या थरावरच खर्च होतो. वर ताशी १०० किलोमीटरचा वारा असूनही खाली केवळ पावसाची सर व विजांचा कडकडाट अनुभवास येतो. अनेक रात्री असेच घडते.

मात्र काही परिस्थितींत हे संरक्षण अपुरे ठरते :

१. दिवस अतिशय उष्ण असल्यास व रात्रीही हवा फारशी निवली नसल्यास स्थिर थर उथळ व दुबळा राहतो.
२. वादळांची रांग दुपारपासून संघटित असल्यास तिचा थंड हवेचा साठा इतका खोल व जड झालेला असतो, की तो पुढील थर बाजूला सारत जातो.
३. मधल्या थरात हवा अतिशय कोरडी असल्यास बाष्पीभवनामुळे खाली येणारी हवा फार थंड होते व स्थिर थर भेदते.
४. थंड हवेचा साठा स्थिर थरावर आदळल्याने त्या थरात लाटा उठतात. या लाटा पुढे सरकताना हवा वर उचलतात आणि मूळ वादळापासून दूरही नवी वादळे निर्माण करू शकतात. क्वचित त्यांच्यामुळे हवेचा दाब झपाट्याने बदलून जमिनीवर जोराचे वारे सुटतात.

यामुळे पूर्वानुमानकार सायंकाळच्या नोंदींत स्थिर थराची खोली व बळ विशेष लक्षपूर्वक पाहतात. वातावरणात अस्थिरता किती आहे यासोबतच ती किती उंचीवरील हवेत आहे, हेही तपासले जाते.

पूर्वानुमानाची साधने

फुग्यांद्वारे घेतलेल्या नोंदी

वातावरणाच्या उभ्या रचनेची माहिती हवामान फुग्यांना जोडलेल्या रेडिओसोंद यंत्रातून मिळते. जगभर हे फुगे प्रामुख्याने ग्रीनिच प्रमाणवेळेनुसार ०० व १२ वाजताच्या नोंदींसाठी सोडले जातात. अमेरिकेच्या मध्य भागात उन्हाळ्यात या वेळा अनुक्रमे सायंकाळी ७ व सकाळी ७ अशा येतात. निम्नस्तरीय जेट प्रवाह आकार घेतो व शिगेला पोहोचतो तो काळ नेमका या दोन नोंदींच्या मध्ये येतो. गरज भासल्यास जादा फुगे सोडले जातात. अन्यथा ही पोकळी इतर साधनांनी भरून काढावी लागते.

उपग्रह

दृश्य प्रकाशातील उपग्रहचित्रे रात्री मिळत नाहीत. दिवसा अशा चित्रांत ढगांच्या रांगा, सीमा व उगवते ढग बारकाईने दिसतात. रात्री अवरक्त किरणांच्या चित्रांवर अवलंबून राहावे लागते. त्यांत ढगांच्या माथ्याचे तापमान कळते. माथा जितका थंड तितका तो उंच, असे ढोबळमानाने मानले जाते. नोव्हेंबर २०१६ मध्ये प्रक्षेपित झालेल्या गोज-१६ उपग्रहावर विजांची नोंद घेणारे उपकरणही बसवलेले होते. विजांच्या संख्येत होणारी अचानक वाढ हे वादळ बळावत असल्याचे चिन्ह असू शकते.

रडार

अमेरिकेत सुमारे १६० डॉपलर रडारांचे जाळे आहे. ही रडारे पावसाच्या तीव्रतेबरोबरच पावसाचे थेंब रडारकडे येत आहेत की दूर जात आहेत, हेही मोजतात. त्यावरून वाऱ्याचा अंदाज येतो. त्यांना एक भौतिक मर्यादा आहे. रडारचा सर्वांत खालचा किरणही किंचित वर रोखलेला असतो आणि पृथ्वी वक्र आहे. त्यामुळे १०० किलोमीटर अंतरावर हा किरण जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंच गेलेला असतो. तेथे दिसणारा वेगवान वारा जमिनीवर उतरला आहे किंवा नाही, हे केवळ रडारवरून सांगता येत नाही. दिवसा प्रत्यक्षदर्शी निरीक्षक ही उणीव काही अंशी भरून काढतात. रात्री अंधारामुळे त्यांचीही मदत कमी होते.

संगणकीय प्रारूपे

जुन्या प्रारूपांत गणनेची चौकट विरळ होती व वादळे त्यांत प्रत्यक्ष उमटत नसत. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत कार्यान्वित झालेले एचआरआरआर हे प्रारूप ३ किलोमीटरच्या चौकटीवर चालते व दर तासाला नव्या नोंदींसह पुन्हा चालवले जाते. त्यात वादळांच्या रांगा, त्यांचा वेग व दिशा दिसते. तरीही उंचावर उगम पावणारी वादळे नेमकी कोठे व केव्हा सुरू होतील, याबाबत प्रारूपे चुकतात. म्हणून एकाऐवजी अनेक प्रारूपांचे निष्कर्ष शेजारी ठेवून त्यांतील एकवाक्यता पाहिली जाते.

पूर्वानुमानाचे टप्पे

अमेरिकेत तीव्र वादळांचा राष्ट्रीय पातळीवरील अंदाज ओक्लाहोमा राज्यातील नॉर्मन येथील स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर ही संस्था वर्तवते. स्थानिक इशारे राष्ट्रीय हवामान सेवेची प्रादेशिक कार्यालये देतात. वेळ जवळ येईल तसा अंदाज अधिक नेमका होत जातो.

दैनंदिन दृष्टिक्षेप : संभाव्य वादळांचे नकाशे काही दिवस आधीपासून प्रसिद्ध केले जातात. जोखमीच्या पाच पायऱ्या असून त्या किरकोळ, अल्प, वाढीव, मध्यम व उच्च अशा आहेत. पहिल्या तीन दिवसांसाठी पायऱ्या व शक्यता दोन्ही दिल्या जातात. एखाद्या ठिकाणापासून सुमारे ४० किलोमीटरच्या आत तीव्र घटना घडण्याची शक्यता किती टक्के आहे, हे त्यातून कळते. चालू दिवसाचा नकाशा दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजेपर्यंत लागू असल्याने रात्रही त्यात येते. त्याची रात्री ८ च्या सुमारास निघणारी आवृत्ती सायंकाळच्या फुग्यांच्या नोंदी हाती आल्यावर तयार होते. त्यामुळे रात्रीच्या वादळांसाठी ती विशेष महत्त्वाची असते.

मध्यम विस्ताराचे विवेचन : वादळाची चिन्हे दिसू लागल्यावर ठराविक क्षेत्राबद्दल छोटे टिपण काढले जाते. पुढील काही तासांत काय घडू शकते व कशाबद्दल अनिश्चितता आहे, हे त्यात स्पष्ट केलेले असते.

वॉच : परिस्थिती अनुकूल असून पुढील काही तासांत तीव्र वादळे संभवतात, अशी ही सावधगिरीची सूचना असते. ती सर्वसाधारणपणे सुमारे ६५,००० चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी दिली जाते.

वॉर्निंग : तीव्र वादळ रडारवर आढळले आहे किंवा प्रत्यक्ष कळवले गेले आहे, असा हा इशारा असतो. तो लहान क्षेत्रापुरता व सामान्यतः एक तासापर्यंत लागू असतो. तो मिळताच आडोसा घेणे अपेक्षित असते.

मर्यादा : २०१२ चा डेरेचो

पूर्वानुमानाच्या मर्यादा २९ जून २०१२ च्या घटनेतून ठळकपणे पुढे आल्या. त्या दिवशी मिडवेस्टमध्ये दुपारी संघटित झालेली वादळांची रांग इंडियाना व ओहायो ओलांडून ॲपलाचियन पर्वतापलीकडे गेली आणि रात्री १० नंतर वॉशिंग्टन डी. सी. परिसरात पोहोचली. सुमारे १,१०० किलोमीटरचा हा प्रवास जवळपास १२ तासांत झाला. इंडियानातील फोर्ट वेन येथे ताशी १४६ किलोमीटर वेगाचा झोत नोंदवला गेला. ४० लाखांहून अधिक ग्राहकांचा वीजपुरवठा खंडित झाला.

अनेक मोठ्या टोर्नेडो-घटनांची चाहूल काही दिवस आधी लागते. या डेरेचोची तशी लागली नव्हती. बहुतांश प्रारूपांत त्याची तीव्रता आगाऊ दिसली नव्हती. रांग संघटित झाल्यावर मात्र तिच्या मार्गातील भागांना इशारे दिले गेले. वादळानंतर तीव्र उष्णतेची लाट कायम राहिली व विजेअभावी वातानुकूलन बंद पडल्याने उष्णतेमुळेही मृत्यू झाले. उत्तर व्हर्जिनियात आपत्कालीन दूरध्वनी सेवा विस्कळीत झाली. वादळ पुढे निघून गेल्यावरही त्याचे परिणाम चालू राहतात व पूर्वानुमानाचा विचार तेथपर्यंत जायला हवा, ही जाणीव या घटनेने दृढ केली.

पेकान मोहीम

रात्रीच्या वादळांचे आकलन वाढवण्यासाठी १ जून ते १५ जुलै २०१५ या काळात 'पेकान' ही संशोधन मोहीम राबवण्यात आली. कॅन्सस, नेब्रास्का व ओक्लाहोमा हे तिचे मुख्य क्षेत्र होते. तीन संशोधन विमाने, फिरती रडारे, जादा फुगे व खालच्या थरातील हवेचे सतत मोजमाप करणारी उपकरणे तीत वापरण्यात आली. वादळांची सुरुवात, निम्नस्तरीय जेट प्रवाह, स्थिर थरातील लाटा आणि मोठे वादळसमूह हे तिच्या अभ्यासाचे विषय होते. दोन नियमित फुग्यांच्या मधल्या काळात जमिनीलगतच्या काही किलोमीटरांत घडणाऱ्या बदलांचे तपशीलवार चित्र या मोहिमेमुळे उपलब्ध झाले.

इशारा पोहोचवण्याची समस्या

अमेरिकेतील १९५० ते २००५ या काळातील टोर्नेडोंच्या अभ्यासात, रात्रीच्या टोर्नेडोंमध्ये जीवितहानी होण्याची शक्यता दिवसाच्या तुलनेत दुपटीहून अधिक असल्याचे आढळले. लोक झोपेत असणे, अंधारात धोका न दिसणे आणि पक्क्या इमारतींऐवजी दुबळ्या घरांत असणे ही त्याची कारणे सांगितली जातात. सरळ रेषेतील वाऱ्यांनाही हीच कारणे लागू पडतात. झाडे कोसळणे, फिरती घरे उलटणे व तंबूंवर फांद्या पडणे हे रात्रीच्या वाऱ्यांतील नेहमीचे धोके होत.

दूरचित्रवाणी व सामाजिक माध्यमे झोपलेल्या माणसाला जागे करत नाहीत. म्हणून इशारा मिळताच आपोआप गजर करणारे हवामान रेडिओ व भ्रमणध्वनीवरील आपत्कालीन संदेश यांना महत्त्व आहे. अमेरिकेत भ्रमणध्वनी संदेशांची व्यवस्था २०१२ मध्ये सुरू झाली. प्रत्येक वादळासाठी असा संदेश पाठवल्यास लोक तो बंद करून ठेवतात, ही त्यातील अडचण आहे. ऑगस्ट २०२१ पासून गडगडाटी वादळाच्या इशाऱ्यांपैकी केवळ 'विध्वंसक' वर्गातील इशारे भ्रमणध्वनीवर पाठवले जातात. ताशी सुमारे १२९ किलोमीटरचा वारा किंवा सुमारे ७ सेंटिमीटर व्यासाच्या गारा हा त्याचा निकष आहे.

यातून पूर्वानुमानकारापुढे पेच उभा राहतो. स्थिर थरामुळे वारा वरच राहिला तर इशारा खोटा ठरतो आणि पुढच्या वेळी लोक दुर्लक्ष करतात. इशारा रोखला व वारा खाली उतरला तर जीव जातात. म्हणून लोकांनी रात्री झोपण्यापूर्वीच अंदाज पाहावा, गजर चालू ठेवावा व आडोशाची जागा ठरवून ठेवावी, यावर भर दिला जातो.

भारतातील संदर्भ

रात्रीच्या वादळांचा प्रश्न केवळ अमेरिकेपुरता मर्यादित नाही. पूर्व भारतात मार्च ते मे या काळात होणारी कालबैशाखी वादळे सामान्यतः दुपारी छोटा नागपूर पठाराच्या परिसरात निर्माण होतात आणि आग्नेयेकडे सरकत सायंकाळी व रात्री पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात पोहोचतात. या वादळांच्या अभ्यासासाठी भारतात २००५ मध्ये 'स्टॉर्म' हा संशोधन कार्यक्रम सुरू करण्यात आला.

२ मे २०१८ च्या सायंकाळी व रात्री पूर्व राजस्थान आणि उत्तर प्रदेशात धुळीची व गडगडाटी वादळे झाली. अलवर, भरतपूर, धोलपूर व आग्रा या जिल्ह्यांना मोठा तडाखा बसला. शंभराहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. झोपेत असताना घराच्या भिंती व छपरे कोसळल्याने अनेकांचा बळी गेला.

भारतीय हवामानशास्त्र विभाग अशा वादळांसाठी पुढील ३ तासांचे तात्कालिक अंदाज देतो. हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल या रंगांनी धोक्याची पातळी दर्शवली जाते. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजांच्या पूर्वसूचनेसाठी 'दामिनी' हे भ्रमणध्वनी उपयोजन विकसित केले आहे. भारतातील फुग्यांच्या नियमित नोंदी भारतीय प्रमाणवेळेनुसार पहाटे व सायंकाळी साडेपाचच्या असतात. म्हणजे येथेही रात्रीचे वातावरण या दोन नोंदींच्या मध्येच बदलत असते आणि त्या काळात रडार, उपग्रह व संगणकीय प्रारूपे यांच्यावर अधिक विसंबावे लागते.

हेही पहा

गडगडाटी वादळ
टोर्नेडो
डेरेचो
कालबैशाखी
वळवाचा पाऊस
डॉपलर रडार
भारतीय हवामानशास्त्र विभाग